शिवलेल्या बाह्या

१२ जानेवारी

ताई,

फोन का केला नाही असं तू विचारशील, म्हणून आधीच सांगतो. फोनवर समोरच्याचं बोलून संपलं की नाही ते मला कळत नाही. मी थांबलो की तू "ऐकतोयस ना?" म्हणून ओरडतेस आणि मला जे सांगायचं असतं ते डोक्यातून निघून जातं. पत्रात तसं होत नाही.

कामावर एक गोष्ट घडली. तुला माहीत आहे, मी हॉस्पिटलच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं धुतो, वाफेच्या मशीनमधून काढतो आणि मोजून ट्रेमध्ये लावतो. एकवीस वर्षं तेच करतोय. डिसेंबरात नव्या इन्चार्ज बाई आल्या. त्यांनी कपाटांचा क्रम बदलला आणि लेबलं छापायचं एक यंत्र आणून ठेवलं. ते दर नऊ सेकंदांनी टुंई करतं. बाकीच्यांना म्हणे ते ऐकूच येत नाही. चौथ्या दिवशी मी पोटाच्या ऑपरेशनचा ट्रे उचलला होता आणि बाईंनी मागून माझ्या पाठीवर हात ठेवला. "कसं काय चाललंय?" असं त्या म्हणाल्या, हे मला नंतर सांगण्यात आलं. मी गर्रकन वळलो. ट्रेचा कोपरा त्यांच्या भुवईला लागला. सहा टाके पडले.

खरी अडचण पुढची आहे. त्या भुवई दाबून खाली बसल्या होत्या आणि मी जमिनीवर सांडलेली हत्यारं मोजत होतो. अडतीस होती. सगळी सापडली. एखादी कात्री कपाटाखाली गेली तर पुढच्या पेशंटच्या ट्रेमध्ये कमी पडेल, म्हणून मला ते आधी करावंसं वाटलं. चौकशीत तिथे असलेल्या सहाही जणांनी हेच सांगितलं, की बाई रक्ताने माखल्या होत्या आणि हा माणूस मोजत होता.

मला कामावरून घरी बसवलं आहे आणि एका मानसतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं आहे. तीन बैठका झाल्या. त्या म्हणाल्या, तुम्हाला ऑटिझम असू शकतो, म्हणजे स्वमग्नता, आणि असेल तर तो जन्मापासून आहे. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे असं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, हो, माहीत आहे.

घरी येऊन मी बऱ्याच गोष्टी पुन्हा आठवून बघितल्या. बायको सोडून जाताना म्हणाली होती, "तुझ्याबरोबर राहणं म्हणजे भाडेकरूबरोबर राहणं." मला वाटलं होतं ती कौतुक करते आहे, कारण मी कधी आवाज करत नसे. परवा कळलं की ते कौतुक नव्हतं.

नक्की सांगण्यासाठी मानसतज्ज्ञ बाईंना मी सात वर्षांचा होण्याआधी मला पाहिलेलं माणूस हवं आहे. आई नाही, अण्णा नाहीत. तू माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, म्हणजे तुला सगळं आठवत असणार. सोबत फॉर्म आहे. चौसष्ट प्रश्न आहेत. खरं ते लिही.

घुम्या

*

३० जानेवारी

बाळा घुम्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून हसावं की रडावं तेच कळेना. अरे, चव्वेचाळिसाव्या वर्षी हे काय नवीन खूळ? त्या बाईला साधं "चुकलं, माफ करा" म्हणाला असतास तर एवढं रामायण झालंच नसतं. पण तुझं तोंड म्हणजे कुलूप लावलेलं. आणि या हल्लीच्या डॉक्टरांना काय, प्रत्येकाच्या कपाळावर काहीतरी चिकटवलं की यांचं पोट भरतं.

तू लहानपणी अगदी चांगला होतास. जरा घुमा होतास, बस. प्रत्येक घरात एक तरी घुमा असतोच. आईने आपल्या दोघांना किती जपून वाढवलं ते विसरलास का? फॉर्म भरून पाठवते आहे. सगळ्या प्रश्नांपुढे "नाही" लिहिलंय. आता हा विषय बंद.

इकडचं सांगायचं तर तुझी भाची तिच्या छोटीला घेऊन माझ्याकडेच राहायला आली आहे. जावई दूरच्या कामावर, हिला सकाळी आठला ऑफिस गाठायचं, मग पोरीला बघणार कोण? मी आहेच. शिवणकाम आता अर्ध्यावर आणलंय, डोळे दगा देतात. छोटी चार पूर्ण झाली तरी बोलत नाही. तुझ्या भाचीच्या जिवाला घोर लागलाय. मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस, तुझ्या मामाचीही हीच तऱ्हा होती. वळण लावलं की येते गाडी रुळावर. मला अनुभव आहे.

स्वेटर घालत जा. कामावर जाऊन त्या बाईची माफी माग.

तुझी ताई

*

८ फेब्रुवारी

ताई,

मानसतज्ज्ञ बाईंनी फॉर्म बघितला. अठ्ठावन्नावा प्रश्न आहे, "मूल वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत पूर्ण वाक्य बोलत होतं का?" त्यालाही तू "नाही" लिहिलं आहेस. म्हणजे तू प्रश्न वाचले नाहीस, किंवा तो एकच वाचलास. त्यांनी नवा फॉर्म दिला आहे. सोबत आहे.

तुला सोपं जावं म्हणून मला आठवतं ते लिहितो. बरोबर आहे का तेवढं सांग.

एक. आई माझी हनुवटी अंगठा आणि बोटात धरायची आणि "डोळ्यात बघ" म्हणायची. तू बाजूला उभी राहून आकडे मोजायचीस. विसापर्यंत. मी मधेच नजर काढली की पुन्हा एकपासून.

दोन. माझा एक राखाडी स्वेटर होता. त्याच्या बाह्यांची टोकं तू शिवून बंद केली होतीस, कारण माझे हात गारठायचे. हे मी बाईंना मुद्दाम सांगितलं. घरात माझ्याशी सगळ्यात प्रेमाने वागणारं कोण होतं असं त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, ताई. बारा वर्षांची होती, तरी माझ्यासाठी शिवायची. त्या लिहिता लिहिता थांबल्या आणि मला विचारलं, स्वेटर फक्त थंडीत घालायचात का? मला आठवेना. तुला आठवतं का?

तीन. आपला मामा, आईचा धाकटा भाऊ. तो बोटीवर नोकरीला गेला आणि तिकडेच वारला, एवढंच मला माहीत आहे. कुटुंबात आणखी कुणी असं होतं का, हा प्रश्न फॉर्मच्या मागच्या पानावर आहे. मामा कसा होता?

हॉस्पिटलने तारीख दिली आहे. एप्रिल संपेपर्यंत अहवाल हवा, नाहीतर ते त्यांचं ठरवतील. मी रोज सकाळी उठून कामाचे कपडे घालतो आणि खुर्चीत बसतो. पावणेपाचला काढून ठेवतो.

छोटी हात हलवते का?

घुम्या

*

२ मार्च

घुम्या,

तू वकिलासारखा एक, दोन, तीन करून काय विचारतोस रे? मी काय पिंजऱ्यात उभी आहे? आई जाऊन अकरा वर्षं झाली. गेलेल्या माणसांना असं उकरून काढू नये. तिने तुझ्यासाठी काय सोसलं ते तुला कधीच कळायचं नाही, आणि कळू नये म्हणूनच तिने सोसलं.

मामा बोटीवर गेला. तो कसा होता ते मला माहीत नाही. मी लहान होते.

स्वेटरचं आठवत नाही. एवढे स्वेटर, एवढे कपडे शिवले आयुष्यात, कुठला कुठला लक्षात ठेवू?

माझी तब्येत बरी नसते. छोटीच्या मागे दिवस जातो. पण पोरगी सुधारते आहे हं. आता दहा म्हणेपर्यंत डोळ्यात बघते. गेल्या महिन्यात तीनही होत नव्हते. तुझी भाची मला म्हणते, "आई, तुझ्यापुढे कशी शहाण्यासारखी बसते गं!" मी म्हटलं, हातांना जादू आहे माझ्या.

फॉर्म नंतर बघेन.

ताई

*

९ मार्च

ताई,

दहा आकडे कोण मोजतं?

मी तुझं पत्र चार वेळा वाचलं. तुला कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगतो. कुणी सांगायचा प्रश्नच आला नाही, कारण मला ते शब्दांत मांडता यायला चाळीस वर्षं लागली.

डोळ्यात बघायला लावलं की मला समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं बंद होतं. एखाद्याने तुझ्या तोंडाजवळ तोंड आणून आरडाओरडा करावा तसं ते असतं, फक्त आवाज नसतो. आई काय म्हणायची ते मला कधीच कळलं नाही. मी तिच्या भुवयांच्या मधे बघायला शिकलो. ती खूश झाली. मी अजून तेच करतो. लोकांना वाटतं मी त्यांच्याकडे बघतोय. दिवसभर ते केलं की घरी येऊन मला कपडे बदलायचीही ताकद राहत नाही. बायको स्वयंपाकघरातून काहीबाही विचारायची आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचो. तिला वाटायचं मी रागावलोय.

छोटी सुधारत नाहीये. ती भुवयांच्या मधे बघायला शिकते आहे.

हे थांबव. हनुवटी धरत असलीस तर तेही थांबव. तिचे हात हलत असतील तर हलू दे.

मी उत्तराची वाट बघतो आहे. फॉर्मची नाही, या पत्राच्या उत्तराची.

घुम्या

*

११ एप्रिल

बाळा,

महिनाभर हे पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे. आज छोटी झोपली आहे, तुझी भाची ऑफिसात आहे, तेवढ्यात लिहून टाकते. एकदाच लिहीन. पुन्हा विचारू नकोस.

मामा बोटीवर गेला नाही. तो बोलायचा नाही, उड्या मारायचा, हात पाखरासारखे फडफडवायचा. कुणी मोठ्याने बोललं की स्वतःचं डोकं भिंतीवर आपटायचा. तो चौदा वर्षांचा असताना आजोबांनी त्याला वेड्यांच्या दवाखान्यात नेऊन सोडला. बोटी बघायला जायचं म्हणून सांगितलं, त्याला बोटींचं वेड होतं. आपली आई तेव्हा सतरा वर्षांची. तो दुसऱ्या कुणाबरोबर चालायचा नाही, म्हणून तिला बरोबर नेलं. त्याने तिचा हात घट्ट धरला होता. तो तिनेच सोडवला. त्यानंतर तो एकोणीस वर्षं तिथेच होता. आई वर्षातून एकदा "डोळे तपासायला जाते" म्हणून घरातून जायची, आठवतं? ते डोळे हे.

मी अकरा वर्षांची असताना ती मला बरोबर घेऊन गेली. मामा बाकावर बसला होता. डोकं भादरलेलं. चावतो म्हणून दात काढून टाकले होते, सगळे. त्याने आईला ओळखलं की नाही देव जाणे. परत येताना आई रस्त्याच्या कडेला थांबली आणि माझे दोन्ही खांदे धरून म्हणाली, "आपला घुम्या इथे येणार नाही. त्यासाठी जे करावं लागेल ते तू आणि मी करायचं. अण्णांना कळू द्यायचं नाही." तू तीन वर्षांचा होतास. तुझे हात फडफडायला लागले होते.

तर केलं आम्ही. स्वेटर थंडीसाठी नव्हता. तो तू बाराही महिने घालायचास. आतून बाह्या अंगाच्या कापडाला टाचलेल्या होत्या, हात वर उचलता येऊ नयेत म्हणून. माझी आयुष्यातली पहिली शिलाई ती. टाका किती पक्का आला म्हणून आईने मला जवळ घेतलं होतं. तू आधी पुष्कळ ओरडायचास. मग ओरडायचा थांबलास. आम्हाला वाटलं, जिंकलो.

आणि जिंकलोच ना रे? तू शाळेत गेलास, नोकरीला लागलास, तुझं लग्न झालं. तुझे दात तुझ्या तोंडात आहेत. आईने एवढंच मागितलं होतं.

तू विचारलंस म्हणून सांगते, खोटं बोलणार नाही. छोटी हात हलवते. तुझ्यासारखेच, अगदी तसेच. मला बघवत नाही. मागच्या आठवड्यात तिच्या दोन झग्यांच्या बाह्या टाचल्या. लेक ऑफिसला गेली की घालते आणि ती यायच्या आधी काढते. कापड मऊ घेतलंय.

तुझ्या भाचीला यातलं काही सांगू नकोस. तुला माझी शपथ आहे. ती मला पोरगी दाखवायची नाही.

ताई

*

१६ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मी भाचीला पाठवलं आहे. तिच्या ऑफिसच्या पत्त्यावर, झेरॉक्स नाही, तेच पत्र. झेरॉक्स काढायची म्हणजे दुकानदाराच्या हातात द्यावं लागलं असतं.

तुझी शपथ मी वाचली होती. मी दोन दिवस विचार केला. तुला आधी कळवावं की नाही तेही मला ठरवता येईना. मग वाटलं, कळवलं तर तू मला नको म्हणशील आणि मी थांबेन, कारण तुझं ऐकायची मला सवय आहे. तेवढ्या दिवसांत छोटी तो झगा आणखी किती वेळा घालेल ते मी मोजत बसलो असतो.

तू माझ्यावर रागावशील. रागावलेलं मला कळत नाही असं सगळे म्हणतात. या वेळी कळेल.

घुम्या

*

२९ एप्रिल

तुला काय म्हणून हाक मारू?

ती दुपारीच घरी आली. मी छोटीला खुर्चीत बसवलं होतं. आत आली, माझ्या शिवणाच्या डब्यातून ब्लेड घेतलं आणि पोरीच्या अंगावरच्या झग्याच्या बाह्या उसवायला लागली. मी म्हटलं, "अगं, लागेल तिला, मी उसवते." तर म्हणाली, "तू हात लावायचा नाहीस. पुन्हा कधीच नाही." छोटीचे हात मोकळे झाले तरी तिने ते वर उचलले नाहीत. तसेच अंगाला चिकटवून बसली होती. ते बघून लेक जी किंचाळली, तसं मी माणसाला किंचाळताना कधी ऐकलं नाही.

एका पिशवीत कपडे कोंबून तासाभरात गेल्या दोघी. पत्र जमिनीवर टाकून गेली. माझंच अक्षर, माझ्याच दारात.

आयुष्यभर तुला पाठीशी घातला. शेजाऱ्यांपासून, मास्तरांपासून, अण्णांपासूनसुद्धा. तुझ्यासाठी बारा वर्षांच्या पोरीने काय काय गिळलं ते मी एकदाच, एकाच माणसाला सांगितलं, आणि त्याने ते पाकिटात घालून पोस्टात टाकलं. तुला मन नाही असं तुझी बायको म्हणायची तेव्हा मी तिच्याशी भांडले होते. उगाच भांडले.

मला पत्र लिहू नकोस.

*

२० सप्टेंबर

बाळा,

सोबत फॉर्म आहे. चौसष्टच्या चौसष्ट भरले आहेत. जागा पुरली नाही तिथे पानं जोडली आहेत. मागच्या पानावर मामाचं लिहिलं आहे. त्याचं खरं नावही लिहिलं आहे, घरात पस्तीस वर्षं कुणी ते घेतलं नव्हतं. उशीर झाला हे माहीत आहे. पण त्या बाईंना दे.

एप्रिलपासून मी एकटी आहे. शिवणाचं मशीन विकून टाकलं. लेक फोन उचलत नाही. जावयाने एकदा उचलला आणि "छोटी बरी आहे" म्हणून ठेवून दिला. कुठे राहतात तेही मला सांगत नाहीत.

पाचवा प्रश्न होता, "मुलाला शांत करण्यासाठी काय उपयोगी पडत असे?" त्यावर मी चार दिवस बसले. सगळं आठवलं, तू काय खायचास, कशाने दचकायचास, कुठल्या फरशीवर पाय द्यायचा नाहीस. पण तुला कशाने बरं वाटायचं ते आठवेना. बघितलंच नव्हतं कधी. तिथे "माहीत नाही" लिहिलं आहे.

तू मला माफ केलंस का, एवढं कळव. नसेल केलं तरी कळव.

ताई

*

३ ऑक्टोबर

ताई,

फॉर्म पोचला. मानसतज्ज्ञ बाईंना दिला. त्यांनी सगळी जोडपानं वाचली, मग पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. अहवाल आता पक्का झाला. मी स्वमग्न आहे. त्या म्हणाल्या, हे कळल्यावर काही जणांना हलकं वाटतं. मला वाटलं नाही. मला थकवा आला. मी तीन दिवस झोपलो.

नोकरी मे महिन्यातच गेली. आता अहवाल आला म्हणून मी तो घेऊन पुन्हा गेलो होतो. साहेबांनी वाचला आणि म्हणाले, "बरं झालं, म्हणजे आमचा निर्णय योग्यच होता." माझ्या जागी दोन जण घेतले आहेत. इन्चार्ज बाई जिन्यात भेटल्या. भुवईवर पांढरी रेघ राहिली आहे. मी त्यांना सांगितलं की त्या दिवशी आधी तुम्हाला उचलायला हवं होतं. त्यांनी मान हलवली आणि भिंतीच्या बाजूने, लांबून गेल्या.

तू माफीचं विचारलंस. मी शोधून बघितलं. राग सापडत नाही. पण मी ओरडायचो आणि मग थांबलो असं तू लिहिलंस ना, त्या थांबण्याच्या आधीचा मी कसा होतो ते मला जाणून घ्यायचं होतं, आणि ते आता कुणालाच माहीत नाही. ते माफ कसं करायचं ते मला येत नाही. तुला खरं ते हवं होतं म्हणून हे लिहिलं.

मागच्या रविवारी भाची छोटीला घेऊन माझ्याकडे आली होती. त्यांचा पत्ता विचारू नकोस, मी तिला शब्द दिला आहे. छोटी दीड तास माझ्या टेबलाखाली बसली. मी तिच्याकडे बघितलं नाही, तिने माझ्याकडे बघितलं नाही. मधेच तिने हात थोडे वर केले आणि आईकडे बघून पटकन खाली घेतले. भाची म्हणाली, "अजून असंच करते. पाच महिने झाले."

जाताना दारात तिने विचारलं, "मामा, ही मोठी होऊन तुमच्यासारखी होईल का?"

मानसतज्ज्ञ बाई म्हणतात, उत्तर देण्याआधी समोरच्याला काय ऐकायचं आहे तेही बघावं. मी बघितलं. मला कळलं नाही. म्हणून मी खरं ते सांगितलं, की मला भीती वाटते, होईल. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. छोटी तिच्याजवळ उभी राहिली. मी तुझं नाव काढलं. भाची छोटीला उचलून जिना उतरली. पुन्हा काढीन. रोज नाही, पण काढीन.

तू एकटी आहेस असं लिहिलंस. मीही एकटा आहे, पण मला त्याची सवय आहे, तुला नाही. तू माझ्याकडे ये. बुधवारी ये, बुधवारी या जिन्यात वर्दळ नसते. मी तुला घ्यायला स्टँडवर येणार नाही, तिथली गर्दी मला सोसत नाही. दार लोटलेलं असेल, बेल वाजवू नकोस. रडायचं असेल तर रड, मी खोलीतून उठून जाणार नाही. फक्त मला जवळ घेऊ नकोस. हात लावायचा असेल तर आधी विचार. मी बहुतेक नाही म्हणेन. तरी विचार.

भाऊ